विकतचं गवत

आमच्या धंद्यात पाणी साचू द्यायचं नसतं. किस्से मात्र साचतात, आणि त्यांना उतार कसा द्यायचा हे आम्हाला अजून जमलेलं नाही! दोन दिवसांचं काम असलं तरी परत येताना पिकअपमध्ये फावडी-घमेल्यांबरोबर एखादा किस्सा येऊन बसतोच.

आम्ही लोकांच्या अंगणात खोटं गवत टाकतो. गिऱ्हाईक त्याला टर्फ म्हणतं, लॉन म्हणतं, कुणी गालिचा म्हणतं. खरं काम गवताचं नसतंच. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी दारात चिखल, आणि त्यात चपला रुतलेल्या. ती माती आधी उपसायची. मग मुरूम, खडी, भोकं पाडलेला पाइप, त्यावर जाड कापड, सगळ्याला उतार, आणि शेवटी वर गवत. पाऊस पडला की पाणी गवतातून खडीत, खडीतून पाइपात आणि पाइपातून बाहेर. लोकांना मात्र ठामपणे वाटतं की गवतच पाणी पितं!

आम्ही तिघं जण. रफिकभाई मूळचे गवंडी, उतार काढणं त्यांच्याकडं. काम सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर ते अंगणात एक बादली पाणी ओततात आणि उकिडवे बसून बघत राहतात. इंजिनिअरनं नकाशा पुढं केला तर म्हणतात, "ठेवा बाजूला. आधी पाण्याला विचारू." छायाताई गवताचे पट्टे जोडतात आणि शेवटी कडक ब्रश मारून पाती उभी करतात. त्याला त्या वेणीफणी म्हणतात. मी, म्हणजे या दोघांचा 'भाऊ', गिऱ्हाईक आणतो, माल आणतो आणि काळजी करतो. यातलं शेवटचं काम मी सगळ्यांत मन लावून करतो.

आणि काळजीचं मुख्य कारण माझ्या घरीच आहे. देवळाली प्रवरेला माझे वडील, अण्णा. उसाच्या शेतात आयुष्य गेलं. त्यात त्यांचं खास वैर लव्हाळ्याशी. हे तण वरून उपटलं तर खाली मातीत गाठ राहते आणि आठवड्यात पातं परत वर! अण्णा खुरप्यानं एकेक गाठ शोधून काढायचे, खिशात घालायचे आणि बांधाबाहेर नेऊन टाकायचे. आईची अर्धी तक्रार त्या खिशांबद्दल असायची. आई गेली, शेत वाट्यानं दिलं, अण्णा घरी बसले. आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याच अंगणात, साचलेल्या पाण्यात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "रोज चाललं पाहिजे. बसून राहिले तर पाय कायमचा आखडेल." अण्णा काठी घेऊन ओट्याच्या कडेपर्यंत येतात, अंगणाकडं बघतात आणि तिथंच खुर्चीत बसतात. एक पायरी, पण खाली उतरायचं नाव नाही.

म्हणजे बघा, मी तालुक्या-तालुक्यातली अंगणं कोरडी करत फिरतो आणि माझ्या दारात तळं! पहिल्यांदा मी विषय काढला तेव्हा अण्णांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"गवात काढता काढता जलम गेला माझा," ते म्हणाले. "आन आता तू त्ये इकत आनून दारात लावनार व्हय?"

त्या दिवसापासून मी त्यांना रोज संध्याकाळी एक किस्सा सांगायला लागलो. हसवून हसवून कधीतरी 'हो' म्हणतील, एवढाच डाव होता.

*

संगमनेरला एक रिटायर्ड गुरुजी आहेत. त्यांच्या बंगल्यासमोर पावसाळाभर गुडघ्याएवढा चिखल व्हायचा. आम्ही काम केलं, रफिकभाईंची बादली झाली, गुरुजी खूश.

महिन्यानं त्यांच्या पत्नीचा फोन. "अहो, तुमचं गवत फार पाणी पितं हो! आमची टाकी रोज रिकामी होते."

मी चक्रावलो. सकाळी सातला जाऊन बघतो तर गुरुजी बनियनवर, हातात पाइप, अंगणभर पाणी सोडताहेत.

"गुरुजी, हे प्लॅस्टिक आहे! याला पाणी घालायचं नसतं."

"माहीत आहे. मी काय गवताला पाणी घालतोय?"

"मग?"

"पाणी जातंय का बघतोय."

"जातंय ना?"

"जातंय की!"

"मग आज कशाला?"

गुरुजींनी पाइप या हातातून त्या हातात घेतला. "काल गेलं म्हणून आज जाईलच कशावरून?"

मी गुमान पिकअपकडं वळलो. कारण त्याच सकाळी घरून निघताना मी तीन जुन्या गिऱ्हाइकांना 'पाणी जातंय ना?' असं फोनवर विचारून आलो होतो!

अण्णा हा किस्सा ऐकून मनापासून हसले. मी लगेच म्हणालो, "मग टाकू आपल्याकडं?"

"नगं. मलाबी रोज पानी सोडून बगावं लागंल."

*

संगमनेरच्याच बाहेर एका दूधवाल्या शेतकऱ्याकडं काम होतं. गोठा मागं, बंगला पुढं, मधलं अंगण ओलंकिच्च. पाहुणे आले की विटांवर उड्या मारत घरात जायचे. मुलीला बघायला मंडळी येणार होती, म्हणून घाई.

काम संपत आलं होतं. छायाताईंची वेणीफणी चालू होती, रफिकभाई बादली भरायला गेले होते. तेवढ्यात राणी नावाची गाय दावं सोडवून आली आणि थेट गवतावर!

मालक ओरडले, मालकीणबाई ओरडल्या. राणीनं कुणाकडं लक्ष दिलं नाही. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिनं सगळं गवत हुंगलं. एकदा जीभ लावली. मग मान वर करून मालकांकडं अशी बघायला लागली की त्या बिचाऱ्यांना खाली बघावं लागलं. आणि मग मधोमध उभी राहून तिनं शेपूट उचललं.

मालकांनी कपाळाला हात लावला. "गेलं! आत्ता टाकलेलं गवत!"

रफिकभाई भरलेली बादली घेऊन तिथं पोचले होते. त्यांनी बादली बाजूला ठेवली, उकिडवे बसले आणि धार जाते कुठं ते शांतपणे बघत राहिले. गाय मोकळी झाली, हे उठले.

"भाऊ, उतार बरोबर आहे," ते म्हणाले. "बादली नको."

अण्णांना हा किस्सा इतका आवडला की त्यांनी तो दोनदा सांगायला लावला. दुसऱ्यांदा संपल्यावर मी म्हणालो, "मग?"

"जनावरानं हुंगून सोडलं त्ये तू मला देतो व्हय रं?"

*

पाऊस आला की माझा पाय एका जागी ठरत नाही. मोबाइलवर ढग बघायचे, मग खिडकीतून ढग बघायचे, मग परत मोबाइल. जेवतानासुद्धा एक कान बाहेर. आणि मग फोन सुरू. ज्या ज्या अंगणात आम्ही हात लावलाय, त्या प्रत्येकाला.

एकदा असाच एका वकीलसाहेबांना लावला. छायाताई शेजारी बसून पट्टा कापत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर.

"साहेब, पाणी साचलं का?"

"कुठं?"

"तुमच्या अंगणात."

"मी पुण्यात आहे."

"मग घरी कुणी असेल ना?"

"कुणी नाही."

"शेजारी कुणाला जरा डोकावायला सांगता का?"

पलीकडं वकीलसाहेबांनी मोठा श्वास घेतला. "अहो, माझ्या घरी तुम्ही गवत टाकलंय, मुलगी दिलेली नाही! दर पावसाला काय खुशाली विचारता?"

छायाताईंच्या हातातला कटर खाली पडला, इतक्या त्या हसल्या. तेव्हापासून प्रत्येक जुन्या साइटला त्या 'भाऊच्या लेकीचं सासर' म्हणतात. आभाळ भरून आलं की मला विचारतात, "कुठल्या सासरी फोन लावायचा आज?"

अण्णा मात्र या किश्शाला हसले नाहीत. म्हणाले, "पडनाऱ्या पावसाला फोन करून काय हुतंय? जरा बस की एका जागी."

मला एकदम राग आला. "तुम्ही बसलाय ना एका जागी, तेवढं पुरे आहे!"

बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली. अण्णा अंगणातल्या पाण्याकडं बघत राहिले. त्या संध्याकाळी मी गवताचं नाव काढलं नाही.

*

भंडारदऱ्याचा पाऊस म्हणजे आपण ज्याला पाऊस म्हणतो तो नव्हे. तिथं एका गृहस्थानं धरणाच्या अंगाला पर्यटकांसाठी तंबू ठोकले होते. मधल्या मोकळ्या जागेत इतकं पाणी की पर्यटक तंबूतून बाहेरच येईनात. सकाळी उघडीप मिळाली म्हणून आम्ही खडी पसरून, कापड टाकून, गवत अंथरायला घेतलं.

दोन पट्ट्यांचा सांधा जोडायचा तर खाली टेप, त्यावर गोंद, आणि गोंद पकडेपर्यंत वरून वजन. एरवी आम्ही वाळूच्या गोण्या ठेवतो. त्या दिवशी गोण्या खालच्या वळणावर अडकलेल्या पिकअपमध्ये, आणि गोंद लावून झालेला! वर आभाळ काळं. मी नुसता इकडून तिकडं फेऱ्या मारत होतो.

"भाऊ, फिरू नगा, बसा!" छायाताई ओरडल्या.

"बसू कसा? सांधा उघडंल!"

"आवं, सांध्यावरच बसा म्हनते!"

मी बसलो. माझ्या शेजारी रफिकभाई बसले, मग मालक, मग मॅनेजर. तरी अर्धा सांधा उरला. छायाताईंनी तंबूतून पर्यटक बोलावले. नाशिकचं एक कुटुंब, दोन कॉलेजची जोडपी, एक आजोबा. सगळे एका रेषेत, मांडी घालून, अगदी खेटून. वाकडं व्हायचं नाही, उठायचं नाही, तासभर!

दहा मिनिटं झाली असतील. स्वयंपाकघरातून तिथला आचारी बाहेर आला. गावचा म्हातारा माणूस, लग्नकार्यातल्या पंगती वाढून केस पिकलेले. त्यानं ही ओळ बघितली आणि घाईघाईनं आत गेला. परत आला तो हातात पत्रावळ्या घेऊन! पहिल्या टोकापासून पत्रावळ्या मांडत आला, मागोमाग मीठ, मग लोणचं, मग पोहे.

मालक म्हणाले, "अरे, अजून नाश्त्याची वेळ झाली नाही!"

आचारी चिडला. "मानसं वळीत बसल्यावर येळ इचारायची असती व्हय?"

सगळे जेवले. शेवटी आजोबांनी रीतसर "वाढप्या, इकडं ये" असा आवाजही दिला. तो सांधा आजपर्यंत हललेला नाही.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "पोह्यात शेंगदानं हुतं का?"

*

चूक आमच्याकडून होत नाही असं नाही. गवताच्या पात्यांना कल असतो. सगळे पट्टे एकाच दिशेनं टाकायचे असतात, नाहीतर एक गडद दिसतो आणि एक फिका.

प्रवरेच्या काठी एका गावात दोन सख्खे भाऊ समोरासमोर राहतात. मध्ये एकच अंगण, आणि त्यातल्या पाण्यावरून भांडण. थोरला म्हणतो धाकट्याचं पाणी माझ्या दारात येतं, धाकटा म्हणतो थोरल्याचं माझ्या. बोलणं बंद. शेवटी भाच्यानं मध्यस्थी केली आणि आम्हाला बोलावलं. रफिकभाईंनी मधोमध पाइप घातला आणि दोन्हीकडून त्याकडं उतार दिला. एक सूतही इकडंतिकडं नाही, कारण दोन्ही भाऊ टेप घेऊन उभे होते!

गवत टाकताना माझीच घाई झाली. ढग आले होते ना. निम्मं अंगण सरळ पडलं आणि निम्मं उलटं. छायाताईंच्या लक्षात आलं तेव्हा गोंद वाळला होता. थोरल्याच्या ओट्यावर उभं राहिलं की त्याचं निम्मं हिरवंगार आणि पलीकडचं फिकट. मला घाम फुटला. आता धाकटा आपलं अंगण फिकं का म्हणून विचारणार!

मी भीत भीत पलीकडं गेलो. धाकट्यानं माझा हात धरला, मला खांबाआड नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्याकडं जरा भारी माल टाकला का तुमी?"

मी वळून बघितलं. त्याच्या ओट्यावरून त्याचं हिरवंगार होतं आणि थोरल्याचं फिकट! पाती ज्याच्या घराकडं झुकलेली, त्याला आपलं गडद दिसत होतं.

"दादाला काय बोलू नगा," तो म्हणाला.

परत आलो तर थोरल्यानं अडवलं. "भाऊ, कळलं बरं का मला. पन त्याला सांगू नका, उगं वाईट वाटंल."

छायाताई उलटे पट्टे काढायला कटर घेऊन निघाल्या होत्या. रफिकभाईंनी त्यांचा हात धरला. "हात लावू नको बाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एकमेकांची काळजी करताहेत!"

अण्णा खूप वेळ हसत होते. मी आशेनं बघितलं.

"मला समोर भाऊ न्हाई," ते म्हणाले आणि काठी टेकत आत गेले. काठीचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त वेळ येत होता. एवढ्याशा ओट्यावरून आत जायला त्यांना आता तेवढा वेळ लागायला लागला होता.

*

अण्णांकडून 'हो' काढलं ते छायाताईंनी, एका मिनिटात. ब्रश न्यायला घरी आल्या होत्या. दारातलं पाणी बघितलं, साडी वर खोचली आणि ओट्यावर जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अन्ना, लोकं भाऊला इचारत्यात, तुमच्या घरी टाकलंय का म्हून. त्ये गप ऱ्हात्यात. धंदा बुडवायचा हाय का पोराचा?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"टाका," ते म्हणाले. "पन माज्यासाठी न्हाई. शाम्पल म्हून."

दुसऱ्याच दिवशी आम्ही सुरुवात केली. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून सकाळपासून मुकादमासारखे बसले. माती उपसली तशी त्यांनी काठी वर केली.

"त्यो बग लव्हाळा. गाठी येचून काढ आदी."

"अण्णा, वर मुरूम येतोय, खडी येतीय, कापड येतंय. कुठला लव्हाळा वर येतोय?"

"गाठी काढ म्हनतो."

मी वर बघितलं. ढग जमत होते. "नाही येत हो, अण्णा!" म्हणालो आणि मुरमाची पहिली पाटी ओतली.

दोन दिवसांत काम झालं. छायाताईंनी जरा जास्तच मन लावून वेणीफणी केली. "ही लेक म्हायेरीच ऱ्हायली," म्हणाल्या. रफिकभाईंनी बादली ओतली. अण्णा म्हणाले, "आनखी एक." दुसरी ओतली. "आनखी." अशा सात बादल्या झाल्या, सातही गेल्या. मी पायरीपाशी उभा राहून हात पुढं केला. "या अण्णा."

"शाम्पल हाय," ते म्हणाले. "शाम्पलवर पाय देत न्हाईत."

आणि खरंच दिला नाही! एक आठवडा गेला, दोन गेले. माझी बायको वैशाली तिथं धुणं वाळत घालायला लागली, शेजारच्या बायका येऊन अनवाणी फिरून गेल्या. अण्णा काठी घेऊन कडेपर्यंत यायचे, बघायचे, बसायचे. मी रोज कामावर जायचो, गिऱ्हाइकांपुढं गोड बोलायचो, आणि मनात एकच चालू असायचं की सगळं करून झालं, आता उरलं काय. पाणी काढता येतं मला. मनात बसलेली भीती काढायला कुठला पाइप घालणार?

*

तिसऱ्या आठवड्यात आम्ही संगमनेरला साइटवर होतो. सकाळपासून पाऊस कोसळत होता, काम बंद, पत्र्याखाली चहा. मी घरी फोन लावला.

"पाणी साचलं का?"

"पाणी कुठंय! सगळं गेलं," वैशाली म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "तुम्ही आधी घरी या. अण्णांचं काय चाललंय ते बघा."

"काय झालं?"

"फोनवर सांगून पटायचं नाही तुम्हाला. या म्हटलं ना!"

आणि फोन बंद. परत लावला, उचलला नाही. आणखी तीनदा लावला. रफिकभाईंनी माझ्या हातातून किल्ली घेतली. छायाताई न विचारता मध्ये बसल्या. रस्ताभर मला एकच दिसत होतं, ओलं प्लॅस्टिक आणि त्यावर पडलेले अण्णा. धंद्यासाठी म्हणून त्या माणसानं होकार दिला होता आणि मी त्यांच्या दारात घसरगुंडी करून ठेवली होती. देवळालीचा फाटा आला तेव्हा मी देवाला काय काय कबूल केलं होतं, ते सांगत नाही.

पिकअप थांबायच्या आधी मी उडी मारली. फाटक ढकललं.

ओट्यावर खुर्ची रिकामी. तिला टेकून काठी उभी. अंगणाच्या मधोमध गवतावर अण्णा बसलेले, एक पाय लांब केलेला, हातात खुरपं. वैशाली त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी, ती स्वतः अर्धी भिजलेली.

"तासभर झाला," ती म्हणाली. "उठतच नाहीत."

सांध्यातून, गवताच्या भोकांतून, ओळीनं लव्हाळ्याची पाती वर आली होती. खऱ्या हिरव्या रंगाची. अण्णा एकेक पातं धरत होते, खुरप्याचं टोक आत घालत होते आणि खालची गाठ अलगद वर काढत होते. सदऱ्याचे दोन्ही खिसे फुगले होते.

रफिकभाई माझ्या मागं येऊन उकिडवे बसले. गवतावर तळहात ठेवून म्हणाले, "पाणी नाही भाऊ. थेंब नाही."

मी म्हणालो, "अण्णा, पडला असता म्हणजे?"

"तुला म्हनलं हुतं, गाठी काढ आदी."

"चुकलो. उद्याच हा सांधा उघडतो, खाली औषध मारतो. परत पातं दिसणार नाही."

अण्णांनी खुरपं माझ्याकडं रोखलं.

"औषिद मारायचं न्हाई."

"अहो, मग परत येईल ना ते!"

"यीऊ दे की," अण्णा म्हणाले. "मी हाय की."

मग त्यांनी एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा जमिनीला लावला आणि उठले. मी पुढं झालो तर माझा हात बाजूला सारला.

"सरक. त्या कोपऱ्यात पन आलाय."

आणि ते कोपऱ्याकडं निघाले. वैशाली छत्री घेऊन त्यांच्या मागं धावली.